छोट्या लाइनीवर काढलेला बाण

दौलताबादच्या पुढं जुन्या छोट्या लाइनीवरून सायकल चालवत जाता येतं, हे मी बोलता बोलता चार ठिकाणी सांगून बसले आणि आता जो तो विचारतो. वाट कुठून लागते? फोटो आहेत का? नातवंडांना घेऊन गेलं तर चालेल का? मी वाट सांगत नाही. खाली लिहिलंय त्यातही तिथल्या गावाचं नाव घातलेलं नाही. ज्यांना राग येईल त्यांनी खुशाल रागवावं. मी तिथं जाऊन जे करून आले ते पुन्हा कुणाच्या हातून व्हायला नको.

आधी सायकलीचं सांगते. आमच्या घराला पुढं ओटा होता आणि ओट्याला लागून एक खोली. त्या खोलीत मी वह्या-पेनांचं आणि झेरॉक्सचं दुकान चालवायचे. मग रस्ता रुंद करायचं ठरलं. एका सकाळी दोन माणसं आली, डब्यात ब्रश बुडवला आणि आमच्या भिंतीवर लाल रेघ ओढून चहासुद्धा न घेता निघून गेली. रेघेच्या अलीकडचं पाडायचं, पलीकडचं आमचं. ओटा गेला, दुकान गेलं. त्या मोबदल्यात रस्ता इतका रुंद झाला की आता त्यावरून सायकल चालवायची कुणाची छाती होत नाही. आणि डॉक्टर म्हणतात, साखर वाढली आहे, सायकल चालवा! नात पुण्याला शिकायला गेली तेव्हा तिची सायकल घरी राहिली होती. ती घेऊन मी गल्लीतल्या गल्लीत सर्कशीतल्या अस्वलासारखी गोल गोल फिरायचे.

शेजारच्या खलीलभाईंना ते बघवलं नाही. खलीलभाई सरकारी बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून रिटायर झालेले. त्या लाल रेघेत त्यांचा जिना गेला, पण माणूस कडवट झाला नाही. तो वाटा सगळा माझ्याकडे आला असावा. त्यांना एकच खोड. खिशात कायम मोजपट्टी. लग्नाला गेले तरी मांडवाचे खांब मोजून येतील. त्यांच्या नसीमभाभी म्हणतात, ‘मेरेकू देखने आये तबभी दरवाजा नापके गये ये.’

‘भाभी, गल्ली में कायकू फिरते?’ ते मला म्हणाले. ‘चलो, तुम्हाला छोटी लाइन दाखवतो. एक ट्रक नाही, एक रिक्षा नाही. पूरा रस्ता अपना.’

आमच्या यजमानांचे गुडघे गेलेले, त्यामुळे त्यांना फक्त जीभ चालवायची होती. ‘जा,’ ते म्हणाले, ‘हातपाय मोडून आलात तर एकाच रिक्षात या, भाडं वाचेल.’

पडेगाव

पौष महिना, थंडी चांगली होती. पडेगावपर्यंतच्या रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, फक्त जीव मुठीत धरून सायकलचं हँडल कसं धरायचं एवढं मी तिथं शिकले. मागून ट्रक असा हॉर्न देतो की आपण रस्त्यावर आहोत हाच आपला गुन्हा. खलीलभाई पुढं, त्यांच्या डोक्याला नातवाचं पिवळं हेल्मेट, अंगात रस्त्याच्या कामावर घालतात तसलं चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट. ‘दूरसे दिखना मंगता,’ म्हणाले. त्यांच्या आग्रहाखातर मीही तसलंच एक साडीवर चढवलं होतं. पडेगावातल्या चहावाल्यानं आम्हाला पाहिलं आणि न विचारता चहात साखर कमी घातली. मला त्याचाही राग आला.

शहराला आता पाटीवर एक नाव आणि लोकांच्या तोंडी दुसरं. खलीलभाई आणि मी त्यावर भांडत नाही. आमचं दोघांचंही जे गेलं ते या नावाखाली गेलं काय आणि त्या नावाखाली गेलं काय!

दौलताबादच्या पुढं

किल्ल्याच्या पायथ्याशी सहलीच्या बसगाड्या लागलेल्या. किल्ला मागं घेऊन जो तो स्वतःचाच फोटो काढत होता. आम्ही पेरू घेतले, तिखट-मीठ लावून घेतलं आणि पुढं निघालो.

छोट्या लाइनीची गोष्ट अशी. पूर्वी इथून मीटरगेजची गाडी जायची. मग मोठी लाइन आली आणि छोटी उखडली. बहुतेक ठिकाणी जुन्याच जागेवर नवी बसवली, पण एका टेकडीला वळसा होता तिथं सरळ कापून नेली आणि वळसा तसाच सोडून दिला. त्या सोडलेल्या वळशाचा भराव अजून शेतांमधून जातो. रूळ केव्हाच गेले. लाकडी स्लीपर आजूबाजूच्या गावांत गोठ्यांच्या चौकटींना लागलेले दिसतात. खडीसुद्धा लोकांनी वाहून नेली. राहिला आहे तो मातीचा उंच बांध, दोन्ही बाजूंना बाभळी, आणि मधून बैलगाडी जाईल एवढी वाट.

खरं सांगायचं तर ती वाट फार सुंदर आहे. दोन्हीकडे हरभरा, मधेच तुरीचं पिवळं शेत, आणि आपण सगळ्यांपेक्षा पुरुषभर उंचीवर. वारा तोंडावर. हॉर्न नाही. किती दिवसांनी मी हँडलवरचा एक हात सोडून पदर सारखा केला. आनंद झाला, आणि झाला म्हणून लिहिते. लगेच बाभळीचा काटा घुसून मागचं चाक बसलं. खलीलभाईंनी पंक्चरचं सामान आणलं होतं. सावली शोधत सायकल ढकलत गेलो तेव्हा एका कोरड्या ओढ्यावर मोरी लागली. मोरी म्हणजे लाइनीखालून पाणी जायला बांधलेला दगडी बोगदा. काळा घडीव दगड, कमानीचे चिरे असे बसवलेले की मधे नख जाणार नाही.

झालं. पंक्चर राहिलं बाजूला आणि खलीलभाईंची पट्टी बाहेर आली.

‘भाभी, जरा उधरसे पकडो.’ मी टोक धरलं. ते पट्टी ताणून मोजायचे, मोठ्यानं आकडा म्हणायचे आणि स्वतःशीच ‘वा!’ करायचे. ‘देखो क्या काम है! आज कोण करतं असं?’ मोरीची रुंदी झाली, उंची झाली, मग वरच्या भरावाची रुंदी झाली. शेतातनं एक मोटारसायकलवाला पोरगा आला, थांबला, मोबाइल काढून आमचे फोटो घेतले आणि निघून गेला. मी खलीलभाईंना म्हटलं, बघा, म्हाताऱ्यांचं कौतुक करणारं कुणीतरी आहे अजून. मग एकदाचं पंक्चर काढलं.

इथं माझी एक गंमत सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. मला दिशा कळत नाहीत. स्वतःच्या माहेरी चार गल्ल्या चुकलेली मी. त्या भरावावर जिथं जिथं शेतकऱ्यांनी बांध फोडून गाडीवाटा काढल्या होत्या तिथं मी हमखास भलतीकडे वळायचे. दोनदा तुरीत घुसले. शेवटी खलीलभाईंना म्हटलं, तुम्ही पुढं निघून जाता, मला खुणा तरी करून ठेवा, परतताना तर मी एकटी मागं राहीन. त्यांनी ओढ्यातला लाल विटेचा तुकडा उचलला आणि फाट्याफाट्यावर दगडांवर बाण काढायला सुरुवात केली. ओव्हरसियर माणूस. बाणही पट्टीनं आखल्यासारखे सरळ, ठसठशीत.

गँगची खोली

मोरीच्या थोडं पुढं, वळशाच्या ऐन कोपऱ्यावर, एक दगडी खोली लागली. लाइन दुरुस्त करणाऱ्या गँगसाठी रेल्वेनं पूर्वी बांधलेली. छप्पर गेलेलं, त्याजागी पत्रे, पत्र्यांवर दगड. पुढं सारवलेलं अंगण, तुळस, दोन शेळ्या. दिवाळीत चुना लावलेला असावा. भिंत त्या सगळ्या मातकट रानात एकटीच पांढरी होती.

दारात एक बाई उभी होती. पन्नाशीची, काटक. पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, ‘या. बसा. च्या ठिवते.’

आम्ही नको नको म्हटलं, पण तिनं चूल पेटवलीसुद्धा. शहरात कुणी दार वाजवलं तर आम्ही आधी साखळी लावून फटीतून बघतो. इथं दोन जाकीटवाली भुतं दारात उभी राहिली तर बाई चहा ठेवते. तेव्हा मला ते फार मोठं मन वाटलं. आता वाटतं, मन होतंच, पण भीतीही होती, आणि भीतीपोटी केलेला चहा आम्ही पाहुणचार समजून प्यायलो.

चहाबरोबर तिनं बाजरीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा दिला. मी माझे धपाटे पुढं केले. तिनं एक घेतला, पदराखाली ठेवून दिला. मग बोलू लागली. मालक जाऊन चार-पाच वर्षं झाली. गावातल्या घरात दिरानं राहू दिलं नाही. पोरगी एकच, तिच्या सासरी हिला ठेवून घेणारं कुणी नाही. ही खोली ओसाड होती, साप-विंचू होते, ते काढून तिनं पत्रे चढवले.

‘दीर येतो कधी?’ मी विचारलं.

‘त्येचंच की हे रान. चारीकडनं. रोज बघतो मपल्याकडं. पण खोली रेल्वेची हाय, त्येची नाय. मपली बी नाय म्हना. कुणाचीच नाय, म्हनून मपली.’ ती हसली. ‘हितनं उठवलं तर मंग जागाच नाय मला. म्हनून कुठं जात नाय मी. पोरीच्या घरी बारसं झालं, तरी गेले नाय. मागं कुनी घुसलं तर?’

मग हात पुसत तिनं हळूच विचारलं, ‘साहेब, मोजनी हाय का?’

‘नाही हो बाई,’ खलीलभाई म्हणाले. ‘शौक आहे आपला. मोरी मोजत होतो.’

‘व्हय, व्हय,’ ती म्हणाली. ‘तसं बिडकीनला मपला भाऊ हाय. तिथं बी आदी असंच आले व्हते. म्हनले, काय नाय, बघायलोत नुसतं.’

खलीलभाईंनी पुन्हा सांगितलं, मीही सांगितलं. तिनं प्रत्येक वेळी मान हलवली. बिडकीनकडं कारखान्यांसाठी जमिनी गेल्या तेव्हा काय झालं ते आम्हा सगळ्यांना ऐकून माहीत होतं. मोजणी येणार अशी नुसती आवई उठली की लोक रातोरात मोसंबीची रोपं लावायचे, पत्र्याचं शेड उभं करायचे. झाडाचा मावेजा वेगळा, बांधकामाचा वेगळा. नुकसानभरपाईला आमच्याकडं मावेजा म्हणतात. हे आम्ही हसत हसत एकमेकांना सांगितलेलं होतं, चेष्टेचा विषय म्हणून. हिच्या दारात बसून ते आठवलं मात्र नाही.

निघताना बघते तर खोलीपाशी वाट फुटत होती. एक भरावावरून सरळ, एक खाली रानात. मी म्हटलं, ‘खलीलभाई, इथं मी नक्की चुकणार.’

आजूबाजूला दगड नव्हता. त्यांनी भिंतीवर बाण काढला. त्या पांढऱ्या भिंतीवर, हातभर लांब, लाल.

बाई दारातच उभी होती. तिनं बघितलं आणि काही बोलली नाही. तिला चालतंय असं मी समजले. भिंतीवर खूण करणाऱ्याला कुणी काही विचारत नसतं, हे मला माहीत असायला हवं होतं. आम्हीही कुठं विचारलं होतं?

लिंबाखाली

वळसा संपतो तिथं छोटी लाइन मोठ्या लाइनीला जाऊन मिळते. तिथं कडुलिंबाखाली बसून जेवलो. नसीमभाभींनी खिचडी आणि चिंचेचा पातळ खट्टा दिला होता. खट्टा सांडून निम्मी पिशवी आंबट झाली होती. माझ्या धपाट्यांना ती चव लागली आणि ते आधीपेक्षा बरे झाले. समोरून एक गाडी धडधडत गेली. कुणी हात केला नाही.

‘छोटी लाइनचा ड्रायव्हर थांबायचा,’ खलीलभाई म्हणाले. ‘कोणी शेतातून पळत येतंय दिसलं की थांबायचा. मेरे अब्बा इसीसे आये. पोलीस ॲक्शनच्या बाद, निजाम का राज गया तब. एक पेटी, और अम्मी. गावातलं घर उघडं टाकून आले.’

‘मग त्या घराचं काय झालं?’

‘कोई तो रहा होगा उसमें.’ ते बोटांनी खिचडीची शितं गोळा करत राहिले. ‘अब्बानं कधी विचारलं नाही. मैंने भी नहीं.’

मलाही दुकान आठवलं. मग आम्ही दोघांनी उरलेले पेरू खाल्ले आणि परत फिरलो.

परत

परतीला मी एकदाही चुकले नाही. बाण चोख होते. मात्र एका दगडाशी मला नवल वाटलं. बाणाभोवती कुणीतरी चुन्याचं गोल कडं काढलं होतं. दुसऱ्यावरही तसंच. खलीलभाई म्हणाले, पोरांचा खेळ असेल.

वळशाच्या कोपऱ्यावर आलो तर खोलीपुढं माणसं. अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. भरावाच्या कडेनं ओळीनं ताजे खड्डे, त्यांत वीतभर मोसंबीची रोपं, अजून पिशव्यांतल्या मातीसकट. पत्र्यांवर एका वायरीला बल्ब लोंबत होता. खोलीच्या आत बाज टाकलेली आणि बाजेवर सकाळचा तो मोटारसायकलवाला पोरगा, डोक्याखाली हात घेऊन, जसा काही जन्मापासून तिथंच झोपतो. भिंतीवरच्या आमच्या बाणाला चुन्याचं कडं होतं आणि खाली हळदकुंकू वाहिलेलं.

बाईच्या शेळ्या बाभळीला बांधल्या होत्या. तिची गोधडी, डबे, पातेली, तुळस, सगळं वाटेच्या कडेला. ती तिथंच उकिडवी बसली होती.

एक पांढऱ्या टोपीचा, भरल्या अंगाचा माणूस हात जोडून पुढं आला. ‘या साहेब, या बाई. सकाळी व्हतो नाय मी, नायतर जेवल्याबिगर सोडलं नसतं. मी भाऊसाहेब. ही खोली मपली. आमचं पोरगं ऱ्हातं हितं, कितीक वर्षं झाली.’

म्हणजे हाच तो दीर. कडेला बसलेल्या बाईनं नुसतं वर बघितलं.

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी डोळ्यांनी पाहिला. फरक एवढाच की त्या बिळात मिळण्यासारखं काही नव्हतं. मी ओरडलेच. ‘अहो, सकाळी या बाईनं आम्हाला इथं चहा दिला! ही राहते इथं! आणि कसली मोजणी? आम्ही कुणी नाही. मी दुकानवाली, तेसुद्धा आता दुकान नसलेली. हे माझे शेजारी.’

भाऊसाहेब समजूतदारपणे हसला. मागची माणसंही हसली. ‘बरोबर हाय बाई. तुमाला वरनंच तसं सांगितलेलं असतं. बिडकीनला बी म्हनले व्हते, आमी कुनी नाय.’

‘मग जाकीट?’ एकानं विचारलं. ‘पट्टी?’

‘अरे बाबा, शौक है!’ खलीलभाई जवळजवळ रडकुंडीला आले. ‘ये सायकल का रास्ता है, बस! ही बाई चुकते म्हणून बाण काढला!’

आता यावर कोण विश्वास ठेवणार? ऐकताना माझा मलाच बसेना. खलीलभाईंनी रुमाल पाण्यात भिजवला आणि बाण पुसायला भिंतीकडं गेले. तसा तो पोरगा बाजेवरून उठून आडवा आला. ‘ओ चाचा! सरकारी खूण पुसता येत नाय. केस व्हईल.’

‘मैंने निकाली है वो!’

‘मंग तुमाला तर म्हाईतच असंल.’

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसला हा प्रकार. कुठला रस्ता नाही, कुठली मोजणी नाही, मावेज्याचा पत्ता नाही, आणि एका बाईचं छप्पर मात्र खरोखर गेलेलं. मी म्हटलं, पोलिसांना फोन करते. भाऊसाहेब म्हणाला, ‘करा की. पर तकरार काय देनार? खोली रेल्वेची. आदी हिला इचारतील, तू कुन्या हक्कानं व्हतीस?’ हे त्यानं रागानं नाही, आमच्या भल्यासाठी सांगावं तसं सांगितलं. आणि ते खरं होतं, त्यामुळे मी फोन पिशवीत परत ठेवला. आयुष्यात इतका संताप मला आमच्या भिंतीवर रेघ ओढली तेव्हाही आला नव्हता. तेव्हा निदान रेघ ओढणारे दुसरे होते.

खलीलभाई खुर्च्यांवरच्या माणसांना एकेकाला समजावत राहिले, हिंदीतून, मराठीतून, शेवटी कुराणाची शपथ घेऊन. लोक त्यांना पाणी देत होते.

मी सायकल टाकून बाईकडं गेले तर ती उठून चालू लागली होती. भरावावरून उतरून, ओढ्याच्या अंगानं, सकाळी आम्ही मोजलेल्या त्या मोरीकडं. एका खेपेत जेवढं उचलता येईल तेवढं सामान तिनं घेतलं होतं. मी गोधडी घेऊन मागं गेले. मोरीच्या तोंडाशी तिनं पातेली ठेवली, आत वाकून बघितलं, पायानं काटे बाजूला सारले. कोरडा ओढा होता. पावसाळ्यात काय करणार, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता, तो मी गिळला.

ती माझ्याकडं वळली. ‘बाई, तुमी सकाळी बघितलं ना? मीच व्हते आत. च्या माझ्या हातचा पिला. तेवढं तुमच्या साहेबाला सांगा. नाव लिवून घ्या माझं.’

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आम्ही तिचं नावच विचारलं नव्हतं. तिच्या घरात बसलो, तिची भाकरी खाल्ली, तिची सगळी कहाणी ऐकली, आणि नाव विचारलं नव्हतं.

‘गयाबाई,’ ती म्हणाली. ‘गयाबाई म्हनून लिवा. बाकीचं म्होरं बघून घेईन मी.’

मला हो म्हणता आलं असतं. लिहिते म्हटलं असतं तर त्या रात्री ती जरा बरी झोपली असती. पण खोटं बोलून आणखी एक घोळ घालायचा नाही असं मी मनाशी पक्कं केलं, आणि माझा तो खरेपणा घेऊन मी तिच्यापुढं बसले. शांतपणे, पहिल्यापासून सगळं सांगितलं. साहेब कुणी नाही. मावेजा मिळणार नाही, तुला नाही आणि तुझ्या दिरालाही नाही. कधीतरी त्यालाही ते कळेल, मग तो खोली सोडून देईल. आणि तो बाण फक्त माझ्यासाठी होता. मला रस्ता सापडत नाही म्हणून.

गयाबाईनं सगळं ऐकून घेतलं. माझ्या तोंडाकडं बघत राहिली. सकाळपासून पहिल्यांदा तिनं मान हलवली नाही.

‘रस्ता सापडत नाय,’ ती म्हणाली, ‘म्हनून तुमच्यासारखी शिकलेली मानसं दुसऱ्याच्या भिंतीवर लिवतील व्हय?’

मी गोधडीची घडी नीट करू लागले.

‘दिरानं पैसं देऊन गाठलं तुमाला,’ ती म्हणाली. ‘समजलं मला.’ आणि माझ्या हातातली गोधडी काढून घेऊन ती वाकून आत गेली.